एमआरआयपूर्वी रुग्णाची सुरक्षा-तपासणी कशी करावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एमआरआयसाठी येणाऱ्या रुग्णाच्या हाती स्वागतकक्षातच एक छापील फॉर्म दिला जातो. प्रश्नांसमोर भराभर 'नाही'च्या खुणा होतात, खाली सही होते, फॉर्म फाइलला टाचला जातो आणि तपासणी पूर्ण झाली असे सगळेच समजून चालतात. फॉर्म आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तो तपासणीची नोंद आहे. तपासणी प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णासमोर बसून, त्याला समजेल अशा शब्दांत विचारून करायची असते. सेंटरमध्ये नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ, परिचारिका आणि स्वागतकक्षात बसणारी मंडळी यांनी ही विचारपूस कशी करावी, हे पुढे मांडले आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनीही ते वाचायला हरकत नाही, कारण कोणते प्रश्न येणार हे आधी ठाऊक असले की उत्तरे नीट मिळतात.

चुंबक कधीच बंद नसते

आपल्याकडची बहुतेक यंत्रे १.५ टेस्ला किंवा ३ टेस्ला क्षमतेची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट. हे चुंबक अतिवाहक (विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या) तारेच्या वेटोळ्यांचे असून द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेले असते, आणि त्यातला प्रवाह एकदा सुरू केला की तो फिरतच राहतो. खोलीतले दिवे मालवलेले असोत, स्कॅन चालू नसो, रात्र असो, रविवार असो, इमारतीची वीज गेलेली असो. चुंबक चालूच असते. 'आत्ता मशीन बंद आहे, या आत' हे वाक्य सेंटरमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने उच्चारू नये.

आताच्या यंत्रांचे क्षेत्र बाहेर फार पसरू नये अशी रचना केलेली असल्यामुळे दारापाशी काहीच जाणवत नाही, आणि बोगद्याजवळच्या शेवटच्या काही पावलांत ओढ एकाएकी वाढते. हातातली वस्तू ओढली जात आहे हे कळेपर्यंत ती हातातून सुटलेली असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघर येथील एका कर्करोग संस्थेत ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि दोन कर्मचारी सिलिंडर व यंत्र यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेल्या, रुग्णाच्या बत्तीस वर्षांच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. न्यूयॉर्क राज्यात जुलै २०२५ मध्ये पत्नीला टेबलावरून उठायला मदत करण्यासाठी आत गेलेला माणूस गळ्यातल्या व्यायामाच्या जाड साखळीमुळे यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. या तिन्ही घटनांत ओढली गेलेली वस्तू स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाच्या अंगावर नव्हती. म्हणून जो दार ओलांडणार त्या प्रत्येकाची तपासणी करावी, मग तो रुग्ण असो, नातेवाईक असो, वॉर्डातले मामा-मावशी असोत, भूलतज्ज्ञ असोत किंवा एसी दुरुस्त करायला आलेला माणूस असो.

स्थिर चुंबकीय क्षेत्राखेरीज आणखी दोन गोष्टी काम करत असतात. रेडिओलहरींमुळे शरीर आणि शरीरावरील धातू तापू शकतो. त्यामुळे लोहचुंबकाला न चिकटणारा धातूही निर्धोक ठरत नाही. वेगाने बदलणाऱ्या ग्रेडियंट क्षेत्रामुळे मोठा आवाज होतो आणि काही वेळा अंगात मुंग्या येतात. 'सोनंच तर आहे, चुंबक सोनं कुठे ओढतंय' असा युक्तिवाद करणाऱ्या नातेवाइकांना यातली पहिली गोष्ट शांतपणे समजावून सांगावी.

पहिली चाळणी फोनवर

तपासणीची सुरुवात अपॉइंटमेंट देतानाच व्हायला हवी. ठाण्याच्या सेंटरवर मुरबाड, शहापूर, बदलापूरकडून लोक येतात. पाठीचे दुखणे घेऊन लोकलने किंवा भाड्याच्या गाडीने आलेल्या माणसाला दारात 'पेसमेकरची कागदपत्रे आणा' म्हणून परत पाठवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. फोनवर मोजकेच विचारावे. हृदयात किंवा अंगात कुठे मशीन बसवलेले आहे का, मेंदूचे किंवा कानाचे ऑपरेशन झाले आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, किडनीचा आजार किंवा डायलिसिस आहे का, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, वजन साधारण किती आहे आणि बंद जागेत जीव घाबरतो का. यातल्या कशाचेही उत्तर 'हो' आले की जुने डिस्चार्ज कार्ड आणि उपकरणासोबत मिळालेले कार्ड आणायला सांगावे आणि पुढची चौकशी रुग्ण येण्याच्या आधीच सुरू करावी.

त्याच फोनवर दागिने घरी ठेवून यायला सांगावे. विशेषतः घट्ट बसलेल्या बांगड्या, पाटल्या आणि जोडवी घरी साबण लावून निघतात. सेंटरवर घाईगर्दीत ती काढताना बोट सोलवटते आणि वेळही जातो.

समोरासमोर विचारताना

रुग्ण आल्यावर आधी तो कोण आहे याची खात्री करावी. हे सांगायला नको असे वाटेल, पण आपल्या भागात एकाच सकाळी यादीत तीन पाटील, दोन म्हात्रे आणि दोन भोईर असणे काही विशेष नाही, आणि आडनावाने हाक मारली की ज्याला कमी ऐकू येते तोच आधी उठतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यावी, कोणत्या भागाचा स्कॅन आहे तेही त्यालाच विचारावे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावे.

त्यानंतरची विचारपूस पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत करावी. सुनेला सासूसमोर 'दिवस गेलेत का' असे विचारले तर उत्तर ठरलेलेच असते. एखाद्या काकांना मुलासमोर मूत्ररोगाच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलता येत नाही. फॉर्म मुलाने भरलेला असेल तर प्रत्येक प्रश्न आई-वडिलांना पुन्हा विचारावा, कारण मुलाला १९९० च्या आसपास झालेले ऑपरेशन ठाऊक असतेच असे नाही. रुग्णाला मराठी येत नसेल तर त्याची भाषा बोलणाऱ्या सहकाऱ्याला बोलवावे. हावभावांवर काम भागवू नये.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरते. 'अंगात काही धातू आहे का?' या प्रश्नाला दहातले नऊ जण 'नाही' म्हणतात, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरेच सांगत असतात. गुडघे बदललेल्या आजींच्या मते त्यांच्या पायात 'वाटी' आहे. ज्यांना स्टेंट आहे त्यांची 'अँजिओप्लास्टी' झालेली असते. तांबी बसवली आहे ती 'दवाखान्यातून', ऑपरेशन करून नव्हे. म्हणून धातूबद्दल न विचारता आयुष्याबद्दल विचारावे. 'काकू, आजपर्यंत किती वेळा अ‍ॅडमिट झाला होता? कशासाठी?' 'कुठे टाके पडलेत का? दाखवा बरं.' 'पडून हाड मोडलं होतं का कधी? रॉड किंवा प्लेट टाकली होती का? ती नंतर काढली का?' 'हृदयाची झडप बदलली आहे का? छातीत बॅटरी बसवली आहे का?' 'अंगावर कुठे साखर मोजायचं यंत्र किंवा औषधाची पट्टी चिकटवली आहे का?' प्रत्येक 'हो'नंतर तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: कुठे, केव्हा आणि कोणत्या रुग्णालयात. शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयवाचे नाव घेऊन पुन्हा एकदा फिरावे. डोके, डोळे, कान, दात, मान, छाती, पोट, कंबर, हात, पाय असा क्रम ठेवला की विसरलेले बरेच काही आठवते.

हीच विचारपूस दुसऱ्या व्यक्तीने, सहसा स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाने, दारात नेण्यापूर्वी नव्याने करावी. पहिल्याचा फॉर्म पाहून 'सगळं नाहीच आहे ना?' असे विचारणे म्हणजे दुसरी तपासणी नव्हे. रुग्ण वैतागतात, 'मघाशीच सांगितलं की सगळं' म्हणतात. त्यांना म्हणू द्यावे. दुसऱ्या वेळी आठवलेली गोष्ट हा या कामातला नेहमीचा अनुभव आहे.

'काम काय करता?' आणि डोळ्यातला कण

आपल्या भागातल्या फॉर्मवर हा प्रश्न सर्वांत वर छापावा, असे माझे मत आहे. वागळे इस्टेट असो, किंवा दिघ्यापासून रबाळे, महापे, तुर्भेपर्यंत पसरलेला टीटीसी औद्योगिक पट्टा असो, वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेथ आणि फॅब्रिकेशनच्या कामावर हयात घालवलेली माणसे इथे घरोघरी आहेत. त्यातले कित्येक आता निवृत्त होऊन भाजीचे दुकान चालवतात किंवा रिक्षा चालवतात, त्यामुळे सध्याचा व्यवसाय विचारून काही हाती लागत नाही. 'दादा, आधी कधी कंपनीत, वर्कशॉपमध्ये काम केलंय का?' असे विचारावे.

ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा बारीक कण बुबुळात किंवा डोळ्याच्या आत रुतून बसू शकतो. काही दिवस डोळा लाल होतो, मग बरे वाटते, आणि कण वर्षानुवर्षे आत राहतो. शरीरात इतरत्र रुतलेल्या वस्तूभोवती कालांतराने घट्ट पेशीजाल तयार होऊन ती जागच्या जागी धरली जाते. डोळ्यात असा भक्कम आधार मिळत नाही. चुंबकाजवळ गेल्यावर कण हलला तर आत रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते, आणि अशा रुग्णाची नोंद १९८६ पासून वैद्यकीय साहित्यात आहे.

म्हणून धातूकाम केलेल्या प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारावा: 'डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का? डॉक्टरकडे जावं लागलं होतं का? त्यांनी तो पूर्ण काढला असं सांगितलं होतं का?' कधीच काही गेले नाही असे ठाम उत्तर आले तर पुढे जावे. केवळ वेल्डर होता म्हणून सरसकट एक्स-रे काढत बसण्याची आवश्यकता नाही. कण गेला होता आणि काढल्याची खात्री नाही, किंवा शेजारच्या कामगाराने रुमालाच्या टोकाने काढला (हे उत्तर अगदी नेहमीचे आहे), तर डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढून तो रेडिओलॉजिस्टने पाहिल्याशिवाय रुग्णाला आत नेऊ नये. दुखापतीनंतर डोक्याचा सीटी स्कॅन झालेला असेल तर तोही चालतो, मात्र त्याच्या फिल्म किंवा सीडी प्रत्यक्ष पाहिलेल्या असाव्यात. छर्रा, गोळी किंवा स्फोटात घुसलेला तुकडा असेल तरीही हाच मार्ग: आधी चित्र, मग निर्णय.

शरीरातील उपकरणे

उपकरणांवर सुरक्षिततेच्या तीन खुणा असतात. हिरव्या चौकोनाची वस्तू एमआरआयमध्ये निर्धोक, लाल वर्तुळात तिरपी रेघ असलेली पूर्णपणे निषिद्ध, आणि पिवळ्या त्रिकोणाची वस्तू ठरावीक अटींवर चालणारी. बहुतेक इम्प्लांट पिवळ्या गटात मोडतात, आणि खरे काम तिथेच असते. अटी कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या असतात: किती टेस्लापर्यंत, रेडिओलहरींची किती ऊर्जा, शरीराचा कोणता भाग, यंत्राची कोणती कॉइल (रेडिओलहरी सोडणारा-पकडणारा भाग). १.५ टेस्लाला चालणारे उपकरण ३ टेस्लाला चालेलच असे मुळीच नाही. 'डॉक्टर म्हणाले टायटॅनियमचं आहे' ही माहिती उपयोगी आहे, पुरावा नाही. पेसमेकर, क्लिप किंवा पंप यांच्याबाबतीत तर उपकरणाचे नाव आणि मॉडेल क्रमांक लेखी मिळालेच पाहिजेत.

पेसमेकर म्हटले की एमआरआय नाही, हा नियम आता जुना झाला. २०११ मध्ये अमेरिकेत एमआरआयसाठी अटींसह मान्यता मिळालेला पहिला पेसमेकर आला आणि त्यानंतर अशी उपकरणे सर्रास बसवली जाऊ लागली. परंतु फक्त बॅटरीचे कार्ड पाहून भागत नाही. तिच्या तारा त्याच संचातल्या आहेत का, बॅटरी बदलताना जुनी तार आतच सोडली आहे का, बसवून सहा आठवडे झाले आहेत का, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्यावे. छातीचा एक्स-रे या बाबतीत मोठा साक्षीदार ठरतो. स्कॅनपूर्वी उपकरण एमआरआयच्या विशेष स्थितीत लावायला जाणकार व्यक्ती हजर हवी, स्कॅन चालू असताना नाडी आणि ऑक्सिजनवर लक्ष हवे, आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) चुंबकाच्या खोलीबाहेर तयार हवा.

मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीवर लावलेली क्लिप हा सर्वांत कडक नियमाचा विषय आहे. जुन्या काही क्लिप लोहचुंबकीय होत्या, त्या हलून मृत्यू ओढवल्याची नोंद आहे. क्लिपची कंपनी आणि मॉडेल लेखी मिळेपर्यंत उत्तर 'नाही' असेच असावे. 'मागच्या वर्षी दुसरीकडे एमआरआय झाला, काही झालं नाही' हा दाखला स्वीकारू नये. तेव्हाचे यंत्र, क्षेत्राची क्षमता आणि रुग्णाची स्थिती वेगळी असू शकते. शिवाय मेंदूत बाहेरून लावलेली क्लिप आहे की फुगा आतून भरणारी बारीक तारेची कॉइल, यात नातेवाइकांचा नेहमी घोळ होतो. बहुतेक कॉइल प्लॅटिनमच्या असतात आणि त्यांचा प्रश्न बराच सौम्य असतो, पण ते ठरवायचे कागद पाहून.

ऐकू येण्यासाठी कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये स्वतःचे लोहचुंबक असते. काही मॉडेलना डोक्याला घट्ट पट्टी बांधून स्कॅन चालतो, काहींचे चुंबक आधी शस्त्रक्रियेने काढावे लागते. मेंदूतले पाणी पोटात सोडणाऱ्या शंटची झडप बाहेरून चुंबकाने जुळवता येणारी असेल तर स्कॅनमध्ये तिचे माप बदलू शकते. स्तनशस्त्रक्रियेनंतर बसवलेल्या काही टिश्यू एक्स्पांडरमध्ये (त्वचा हळूहळू ताणणाऱ्या पिशव्यांमध्ये) चुंबक असते. गिळलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल पोटातून बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत स्कॅन करू नये, आणि दुर्बिणीतून आतड्यात क्लिप लावली असेल तर तिचेही मॉडेल पाहावे.

दुसऱ्या बाजूने, विनाकारण अडवणे हीसुद्धा चूकच आहे. मणक्यात मज्जारज्जू दबलेला रुग्ण कागदपत्रांसाठी दोन दिवस फिरत राहिला तर त्याचे पाय कायमचे जाऊ शकतात. हृदयातील स्टेंटसाठी सहा-आठ आठवडे थांबण्याचा समज अजून टिकून आहे. सध्या वापरात असलेल्या कोरोनरी स्टेंटनंतर ३ टेस्लापर्यंतच्या यंत्रात लगेच स्कॅन करता येतो. बायपासनंतर छातीच्या हाडाला घातलेल्या तारा, बहुतेक कृत्रिम झडपा, मोतीबिंदूनंतरची भिंगे, दातांतले सिमेंट-चांदी, तांबी यांपैकी कशानेही स्कॅन अडत नाही. गुडघ्याचे-खुब्याचे कृत्रिम सांधे आणि पक्के बसलेले रॉड-प्लेट यांच्यासह स्कॅन सहसा होतो. तिथे चित्र बिघडते आणि थोडी ऊब जाणवू शकते, एवढे रुग्णाला सांगून ठेवावे. जिथे शंका उरते तिथे निर्णय तंत्रज्ञाने एकट्याने घेऊ नये. रेडिओलॉजिस्ट आणि पाठवणारे डॉक्टर यांनी मिळून धोका आणि गरज तोलावी आणि तो निर्णय लिहून ठेवावा.

अंगावरचे दागिने, कपडे आणि इतर

मंगळसूत्र काढायला सांगताना आवाज खाली ठेवावा. काही बायकांना ते खरोखर जड जाते, आणि 'नियम आहे' एवढ्यावर बोलणे संपवले की पदराआड लपवलेले मंगळसूत्र आत जाते. तापण्याचा धोका सांगावा, हवे असल्यास तेवढ्या वेळापुरता हळदीचा दोरा बांधायला सुचवावे; बहुतेक काकू लगेच राजी होतात. नथ, चमकी, बुगड्या, कुडी, बांगड्या, कमरेचा करगोटा आणि त्यात ओवलेला ताईत, दंडावरचा गंडा, तांब्याचे कडे, पोटरीला बांधलेला काळा दोरा या प्रत्येकाचे नाव घेऊन विचारावे. पुरुष करगोट्याबद्दल आपणहून सांगत नाहीत. विचारल्यावर हसतात आणि मग काढतात.

जोडवी कितीही प्रयत्न केला तरी निघत नसतील तर त्यांची चुंबकाने परीक्षा घ्यावी, कारण चांदीच्या नावाखाली विकली जाणारी सगळीच जोडवी चांदीची नसतात. चिकटली तर ती कापून काढण्यावाचून पर्याय नाही. चिकटली नाहीत आणि रेडिओलॉजिस्टने परवानगी दिली, तर बोटांमध्ये कोरडे गॉझ घालून ती एकमेकांना व त्वचेला टेकणार नाहीत असे पाहावे आणि ऊब वाटली तर लगेच सांगायला बजावावे.

साडी आणि ब्लाउज यांच्यातल्या सेफ्टी पिना हा आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू. पदराला एक, निऱ्यांना एक, ब्लाउजच्या आत एक आणि बांगड्यांना वेळप्रसंगी कामी यावी म्हणून अडकवलेली आणखी एक. केसांत आकडे, यू-पिना, अंबाड्याची जाळी, गजऱ्याची तार. साडीतली जरतार विद्युतवाहक असू शकते, ब्रेसियरमध्ये तार असते, आणि घाम शोषणाऱ्या काही खेळाच्या कपड्यांत चांदीचे धागे विणलेले असतात जे बाहेरून दिसत नाहीत. या सगळ्यावर एकच उपाय: अंतर्वस्त्रांसह सर्व कपडे उतरवून सेंटरचा बिनखिशाचा गाऊन घालायला लावणे. 'फक्त गुडघ्याचाच तर आहे' ही सवलत देऊ नये.

औषधाच्या पट्ट्यांपैकी काहींच्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि त्यामुळे त्वचा भाजते. डॉक्टरांना विचारून ती पट्टी काढावी आणि स्कॅननंतर नवी लावावी. साखर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन पंप, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी बाहेर राहिली पाहिजे. मास्कच्या नाकावरच्या धातूच्या पट्टीने चेहरा भाजल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला होता. मास्क आवश्यकच असेल तर पट्टी नसलेला द्यावा. आजींच्या हातावरच्या जुन्या गोंदणाने सहसा त्रास होत नाही. लोहयुक्त रंगाचे मोठे टॅटू आणि कायमस्वरूपी आयलायनर मात्र क्वचित तापतात. स्कॅन टाळण्याचे कारण नाही, हातातला इशाऱ्याचा फुगा कधी दाबायचा ते सांगून ठेवावे.

हातात धरायचे चुंबक किंवा लोहधातूशोधक यंत्र वापरावे, पण ते विचारपुशीला पर्याय नाही. मॉलच्या दारातले नेहमीचे धातूशोधक या कामाचे नाही. ते लोखंड आणि सोने यांत फरक करत नाही आणि डोळ्यातला कण त्याला सापडत नाही.

गरोदरपण, किडनी आणि कॉन्ट्रास्ट

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि गर्भाला त्यापासून हानी झाल्याचे सिद्ध झालेले नाही. आवश्यक असेल तर गरोदरपणात स्कॅन करता येतो. गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट (चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) मात्र गरोदरपणात अत्यावश्यक असल्याशिवाय देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने कॉन्ट्रास्टनंतर दूध बंद करण्याची गरज नाही. किडनी निकामी झालेल्या रुग्णांत काही जुन्या गॅडोलिनियम औषधांचा संबंध त्वचा कठीण करणाऱ्या गंभीर आजाराशी असल्याचे २००६ मध्ये पुढे आले. म्हणून किडनीचा आजार किंवा डायलिसिस असेल तर क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) पाहावा आणि तो ३० च्या खाली असेल तर कोणते औषध द्यायचे, द्यायचे की नाही, हे रेडिओलॉजिस्टला ठरवू द्यावे. पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी झाली होती का आणि दमा आहे का, हेही विचारावे.

बेशुद्ध रुग्ण आणि सोबतची माणसे

आयसीयूतून आलेला रुग्ण उत्तर देऊ शकत नसेल तर घरच्या किमान दोघांना वेगवेगळे विचारावे, अंगावरचे व्रण शोधावेत (डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कानामागे, डोक्याच्या केसांत) आणि छातीचे, पोटाचे, कवटीचे उपलब्ध एक्स-रे किंवा सीटी पाहावेत. काहीच उपलब्ध नसेल तर आधी एक्स-रे काढावेत. ईसीजीच्या चकत्या आणि तारा, तापमान मोजणारी नळी, तात्पुरत्या पेसिंगची तार यांची एकेक करून मोजणी करावी, कारण स्कॅनमध्ये वेटोळे पडलेली तार त्वचा जाळते.

रुग्णाची गाडी, ऑक्सिजन आणि स्टँड बाहेरच्या खोलीतच बदलावेत. साध्या सिलिंडरला चुंबकाच्या खोलीच्या दारापर्यंतही येऊ देऊ नये. आत वापरायचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर वेगळ्या रंगाची पट्टी लावून वेगळ्या जागी ठेवावा. रात्रपाळीला नवे मामा येतात, नातेवाईक घाबरलेले असतात, सगळ्यांना मदत करायची असते; अशा वेळी दारात एकच माणूस उभा राहावा आणि त्याच्या होकाराशिवाय कोणीही आत पाऊल टाकू नये. रुग्णाचा श्वास थांबलाच तर त्याला टेबलासह बाहेर काढून उपचार बाहेर करावेत. डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन आत धावले तर संकटात दुसऱ्या संकटाची भर पडते. माणूस अडकला असेल तरच क्वेंचचे (हेलियम बाहेर सोडून चुंबक बंद पाडणारे) बटण दाबायचे असते, आणि ते कुठे आहे व चालते का, हे पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत असावे.

लहान मुलासोबत आई किंवा वडील आत बसणार असतील तर त्यांचीही पूर्ण तपासणी, गाऊन आणि कानात बोळे हे सगळे रुग्णाप्रमाणेच करावे. मुलाचे खिसे तपासावेत आणि त्याने अलीकडे नाणे, बॅटरी किंवा खेळण्यातले चुंबक गिळले होते का, हे आईला वेगळे विचारावे.

दारातला शेवटचा थांबा, आणि स्कॅननंतर

आत पाऊल टाकण्यापूर्वी तंत्रज्ञाने स्वतःचे खिसे चाचपावेत, मोबाइल, पेन, किल्ल्या, एटीएम कार्ड बाहेर ठेवावे, मग रुग्णाला शेवटचा प्रश्न विचारावा: 'आता अंगावर किंवा अंगात काही राहिलंय का?' टेबलावर झोपवताना तळहात एकमेकांत गुंफू देऊ नयेत आणि पाय एकमेकांवर टाकू देऊ नयेत, कारण त्वचेला त्वचा लागून वाहक कडे तयार होते आणि तिथे भाजते. मांड्यांमध्ये आणि हाताच्या बाजूला पॅड ठेवावेत. कानात बोळे घालावेत, फुगा हातात द्यावा आणि तो एकदा दाबून दाखवायला सांगावे.

बाहेर आल्यावर पेसमेकर त्याच्या नेहमीच्या कार्यक्रमावर परत आणल्याची नोंद झाल्याशिवाय, आणि जुळवता येणाऱ्या शंटच्या झडपेचे माप तपासल्याशिवाय त्या रुग्णांना घरी सोडू नये. दागिने मोजून, रुग्णाच्या सहीने परत द्यावेत. भरलेला फॉर्म फाइलमध्ये ठेवावा, मात्र तोच रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा आला तर त्या फॉर्मवरून काम चालवू नये. मधल्या काळात त्याच्या छातीत बॅटरी बसलेली असू शकते, म्हणून कोऱ्या फॉर्मवर, पहिल्या प्रश्नापासून पुन्हा विचारावे.